सही/-

राळेगावच्या तहसीलसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन आणि 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. पाटीच्या कोपऱ्यात 'मराठी टायपिंग' असंही आहे, कारण पाटी वडिलांच्या वेळची आहे. वडील अर्ज टाइप करून द्यायचे. मजकूर संपला की 'आपला नम्र', मग रोलर चार वेळा फिरवायचा, मग कंसात नाव. मधल्या चार ओळी कोऱ्या. एकदा एका घाईतल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "एवढी जागा काहून वाया घालवून रायले?" वडील म्हणाले, "ती तुमची आहे. वरचं सगळं माझं."

त्या चार कोऱ्या ओळींवर आमच्या घरात दोन पिढ्यांचं पोट भरलंय. अर्ज कोणी वाचत नाही, असं माझं पंचवीस वर्षांचं निरीक्षण आहे. विषय वाचतात आणि नजर तिथून थेट खाली उडी मारते. सही आहे? आहे. शिक्का? नाही? मग उद्या या. मधल्या मजकुरात काय आहे याची काळजी फक्त लिहिणाऱ्याला. विहिरीच्या एका अर्जात माझ्या हातून आधीच्या गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेतली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ तशीच राहून गेली होती. अर्ज दाखल झाला, आवक क्रमांक पडला, पोचही मिळाली. लग्नाला कोणी गेलं की नाही, ते कळलं नाही.

त्यामुळे मी माणसं ओळखतो ती सहीवरून. मास्तर लोकांची सही वाचता येते; आपण फळ्यावर लिहितोय आणि मागे चाळीस पोरं बसलीत, अशा बेतानं ती झालेली असते. साहेब लोकांची सही नावाच्या पहिल्या अक्षरानं सुरू होते आणि मग बोंडातून कापूस ओढावा तशी लांबत जाते. शेवटी खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. ते ठिपके कशाचे, हे मी एका साहेबांना धीर करून विचारलं होतं. ते म्हणाले, "नक्कल करणारा ठिपके विसरतो." पुढच्या सहा महिन्यांत मी त्यांच्या चार सह्या पाहिल्या. दोनांत ठिपके नव्हते.

शेतकरी सही करतो ते बघण्यासारखं असतं. आधी विचारणार, "कुठं करू?" मी बोट ठेवतो. मग पेन मागणार. पेन कागदावर चालत नाही, मग ते झटकायचं, तोंडाची वाफ द्यायची आणि माझ्या काउंटरच्या सनमायकावर चालवून बघायचं. त्या सनमायकावर तालुक्यातल्या जितक्या खातेदारांच्या अर्ध्या-अर्ध्या सह्या आहेत, तितक्या रेकॉर्ड रूममध्येही नसतील. मग कागद थोडा तिरपा, मान त्याहून तिरपी, आणि एकेक अक्षर चौकात पुतळा बसवावा तसं बसवायचं. राष्ट्रीय साक्षरता मिशन 1988 साली सुरू झालं. त्या लाटेत आमच्याकडे कित्येक माणसं रात्रीच्या वर्गात बसून एवढं एकच शिकली. वाचायला येत नाही, दुसरं काही लिहायला येत नाही, पण स्वतःचं नाव येतं. ते नाव लिहिताना चेहऱ्यावर जे असतं, ते तहसीलमधल्या कुठल्याही साहेबाच्या चेहऱ्यावर मी सही करताना पाहिलेलं नाही. साहेब तर फोनवर बोलत-बोलत करतात.

ज्यांना तेवढंही येत नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे निळं पॅड. अंगठा टेकवायचा, बाजूला मी लिहायचं: निशाणी डावा अंगठा. 'निशाणी' हा शब्द मात्र अंगठ्याहून जुना. जुन्या मराठी कागदांत, महजरांत, गावची माणसं आपल्या धंद्याचं चित्र काढून साक्ष घालत. पाटलाच्या नावापुढे नांगर. न्हाव्याच्या नावापुढे आरसा. शेट्याचा तराजू. बाईमाणूस असेल तर बांगडी. म्हणजे सही हे तुमच्या कामाचं चित्र होतं. मला हा प्रकार फार आवडतो आणि तो आज असता तर काय, असा विचार मी लाइट गेलेली असताना करत बसतो. माझी निशाणी झेरॉक्सचं मशीन. पण ते काढायला अवघड. काही लोकांची निशाणी नुसती खुर्ची काढूनही भागली असती.

अंगठा आला तो नंतर, साहेबाच्या संशयातून. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं रस्त्याच्या सामानाचा करार करताना कंत्राटदाराच्या हाताचा आख्खा पंजाच कागदावर उमटवून घेतला. नंतर नाकबूल जायला नको, एवढंच त्याच्या मनात. पुढे पंजाची बोटं झाली आणि बोटांचा अंगठा. गंमत अशी की हा अंगठा कधी खोटं बोलणार नाही, अशी त्या वेळी साहेबाची खात्री झाली होती. पण तो एक दिवस बोलायचाच बंद होईल, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. कापूस वेचून, निंदून, खत फेकून इकडच्या बायांच्या अंगठ्याच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या असतात. मशीनवर ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेव, लाल दिवा. मग पदराला पुसायचा, केसांना घासून जरा तेलकट करायचा, पुन्हा ठेवायचा. आधारचा पहिला नंबर 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीला दिला गेला. तेव्हापासून मी हा तेलाचा प्रयोग करतो आहे. एका मावशीनं तर मशीनलाच दम दिला, "मीच आहो रे बावा! जलमापासून मीच आहो!"

आता खऱ्या धंद्याकडे येतो. छापलेल्या कागदावर सही उमटवणं.

याचा मूळपुरुष म्हणजे 'सही/-'. सरकारी कागदाची प्रत बघा. खाली अधिकाऱ्याचं नाव, आणि त्यावर सहीच्या जागी टाइप केलेलं असतं: सही, मग तिरपी रेघ, मग आडवी रेघ. अर्थ असा की मूळ कागदावर सही आहे, तुम्ही विश्वास ठेवा. लहानपणी मला वाटायचं, महाराष्ट्रातल्या सगळ्या मोठ्या साहेबांची सही अशीच असते. एकदा मी प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी 'सही/-' लिहून दिलं होतं. शाळेला ते मान्य झालं नाही. शासनाला एक न्याय आणि चौथीतल्या पोराला दुसरा.

याचा धाकटा भाऊ म्हणजे 'करिता'. साहेबांच्या हुद्द्याच्या शिक्क्याआधी बारीक अक्षरात 'करिता' लिहायचं आणि सही दुसऱ्यानंच ठोकायची. सही कोणाची, जबाबदारी कोणाची आणि गैरहजेरी कोणाची, हे तीन वेगळे प्रश्न एका शब्दात मिटतात. मराठीत इतकं काम करणारं दुसरं शब्दयोगी अव्यय मला माहीत नाही.

मग कॉम्प्युटर आला आणि माझ्याकडे सहीचे फोटो यायला लागले. तालुक्यातल्या एका संस्थेचे अध्यक्ष म्हातारे, हात थरथरतो. दोनशे सभासदांना नोटिसा जायच्या होत्या. सचिव म्हणाले, "काकाजींची एक सही घ्या, अन् दोनशेवर चिकटवून द्या." काकाजींनी कोऱ्या कागदावर सही केली. सचिवांनी तिचा मोबाइलनं ट्यूबलाइटखाली फोटो काढला, स्वतःच्या डोक्याच्या सावलीसकट. कागद म्हणे पांढरा होता. वर्डमध्ये आणल्यावर कळलं की तो राखाडी आहे, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. नोटिशीवर ठेवली तर सही कमी आणि भिंतीला ओल आल्यासारखं जास्त दिसे. ब्राइटनेस वाढवला, ओल गेली, सहीचं शेपूटही गेलं. सचिव म्हणाले, "शेपूट पायजे. शेपटाशिवाय त्यांची नाई वाटत." मग मी ते शेपूट माउसनं काढलं. पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी कोणाची खोटी सही केली असेल तर ती तेवढीच, एक सेंटिमीटर, आणि तीही मालकासमोर, त्याच्या परवानगीनं.

सही चिकटवायला गेलं की ती मजकुराच्या वर बसते आणि 'आपला विश्वासू'मधला 'विश्वासू' झाकून टाकते. मागे ढकलली की दिसेनाशी होते. मधे ठेवली की मजकूर तिला घाबरून दोन्हीकडे पांगतो. अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर ती जागेवर बसली. मी हात झटकले, चहा सांगितला. तेवढ्यात सचिवांना आठवलं, "विषय क्रमांक सात राहिला, आयत्या वेळचे विषय." ती एक ओळ वाढवली आणि सही उडी मारून दुसऱ्या पानावर गेली. एकटीच. आख्खं पान कोरं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात अध्यक्षांची सही. असली पानं दोनशे छापून झाल्यावर हे आमच्या लक्षात आलं. त्या दिवसापर्यंत काकाजींनी आयुष्यात कोऱ्या कागदावर सही केली नव्हती, कर्ज घेतानासुद्धा. आम्ही एका दुपारी त्यांच्या दोनशे करवल्या. ती सगळी पानं मी सचिवांसमोर फाडली. एक-एक मोजून.

पण खरी करमणूक पुढे झाली. याच काकाजींचं काम दोन ठिकाणी अडलं. एका ठिकाणी त्यांनी स्वतः, जिवंत हातानं, थरथरत सही केली. ती पटली नाही; नमुन्याची सही तीस वर्षांपूर्वीची, तिच्यात हात ठणठणीत. "जुळत नाही, दुसऱ्यांदा करा." दुसऱ्यांदा केली, ती पहिलीशीही जुळेना. दुसऱ्या ठिकाणी माझ्याकडून चिकटवलेल्या सहीचे बारा कागद गेले. तिथले बाबू हुशार. त्यांनी दोन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. "ह्या सह्या जुळतात," ते म्हणाले. मला बरं वाटलं. "फारच जुळतात. माणसाच्या दोन सह्या कधी एवढ्या सारख्या येत नाहीत. परत न्या."

बाबूंचं म्हणणं बरोबर आहे, हे मी त्यांच्या पाठीमागेही मान्य करतो. हस्ताक्षर तपासणारे हेच सांगतात: तंतोतंत सारख्या दोन सह्या दिसल्या की गिरवल्याचा संशय घ्यावा. म्हणजे खरी सही ती, जी थोडी चुकते. जास्त चुकली तर खोटी, अजिबात चुकली नाही तरी खोटी. किती चुकावं, याचा जीआर नाही.

तरी मी वाद घातलाच. खिशातून पन्नासची नोट काढली. "साहेब, या देशातल्या सगळ्या नोटांवर गव्हर्नरची सही अशी एकासारखी एक. ती चालते?" रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपले मराठीच, चिंतामणराव देशमुख, 1943 पासून सहा वर्षं. त्यांची सही किती नोटांवर छापली गेली असेल! त्यांनी काय प्रत्येक नोटेवर रोलर फिरवून चार ओळी सोडल्या होत्या? उलट बँकेचे अगदी पहिले गव्हर्नर ऑसबोर्न स्मिथ, यांची सही एकाही नोटेवर आली नाही. राहूनच गेली. आणि एक रुपयाच्या नोटेवर तर गव्हर्नरची नसतेच, अर्थसचिवाची असते. बाबूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "नोटेवरचं मला काही सांगू नका. नोटेला आवक नंबर लागत नाही." याला उत्तर नव्हतं. काकाजी चार दिवस येऊन बसले आणि बाराही कागदांवर, बारा तऱ्हांनी, सही करून गेले. त्या ताबडतोब चालल्या.

त्या मानानं शिवाजी महाराजांच्या दफ्तराचं काम सोपं होतं. सहीची भानगडच नाही. पत्राच्या माथ्यावर अष्टकोनी मुद्रा, मजकूर संपला की तळाशी मर्यादेचा छोटा शिक्का, म्हणजे याच्या खाली कोणी एक अक्षर वाढवायचं नाही. वरचा तो शिक्का आणि खालचं ते मोर्तब. आपण अजून 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो, पण त्यातली खालची निम्मी अक्कल विसरलो. मजकूर जिथे संपतो तिथे दार लावून घ्यायचं. ती अक्कल आमच्या नोटिशीला असती, तर विषय क्रमांक सात घुसलाच नसता. पुढे पेशवाईत कारकून आख्खं पत्र लिही आणि शेवटची ओळ मालक स्वतःच्या हातानं टाकी. वाचणारा आधी ती ओळ बघे. म्हणजे मधला मजकूर तेव्हाही कोणी वाचत नव्हतं, असा माझा संशय आहे.

मधलं कोणी बदललं तर? त्यासाठीच ही नवी डिजिटल सही. ती फार उशिरा आली, सव्वादोनशे वर्षं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्यापाठी आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केल्याची गोष्ट चिकटली. गोष्ट खरी की खोटी हे इतिहासकार बघतील; मला मतलब 'ध'शी. डिजिटल सहीत मशीन आख्ख्या मजकुराचा गाळून एक लांबलचक आकडा काढतं आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनं कुलूपबंद करतं. तुम्ही एक अक्षर बदला, एक स्वल्पविराम हलवा, आकडा बदलतो आणि कुलूप बोंबलतं. राघोबादादांनी तो कागद पीडीएफ करून पाठवला असता, तर सुमेरसिंग गारदी तलवार बाजूला ठेवून माझ्या दुकानात आला असता. "भाऊ, इथं लाल फुली काहून येऊन रायली?"

आमच्याकडे लाल फुली येत नाही. पिवळं प्रश्नचिन्ह येतं. जून महिना, कॉलेजांचे प्रवेश, उत्पन्नाच्या दाखल्यांची रांग. दाखला ऑनलाइन मंजूर, साहेबांची डिजिटल सही झालेली. मी फाइल उघडतो आणि सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह, शेजारी 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड'. पोराचा बाप घाबरतो. सरकारनंच सही केली आणि सरकारलाच शंका आहे, असा त्याचा समज. त्यात काही गैर नाही. नुसतं एवढंच असतं की माझ्या कॉम्प्युटरची आणि सही मान्य करणाऱ्या वरच्या यंत्रणेची अजून ओळख झालेली नाही. मी सहीवर उजवं बटन दाबतो, प्रॉपर्टीज, सर्टिफिकेट, 'विश्वास ठेवा', ओके, ओके. प्रश्नचिन्हाचा हिरवा बरोबर होतो. बाप माझ्याकडे असा बघतो की जणू मीच सही केली. म्हणजे अख्ख्या देशाच्या आयटी कायद्याचा, जो 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे, शेवटचा अंमल राळेगावात माझ्या उजव्या बटनावर येऊन ठेपतो. आणि प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट. हिरवाही राखाडी, पिवळाही राखाडी.

ही सही असते पेनड्राइव्हसारख्या एका डोंगलमध्ये. पिन टाकल्याशिवाय उठत नाही. दोन-तीन वर्षांनी तिची मुदत संपते. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच थक्क झालो. माझे आजोबा गेले, त्यांची सही 1954-55 च्या कागदावर अजून शाबूत आहे, आणि साहेब धडधाकट खुर्चीत बसलेत पण त्यांची सही वारली. "सही एक्स्पायर झाली, नवीन आल्यावर या." त्यातही मृत्युपत्राला डिजिटल सही चालत नाही, तिथे शाई आणि दोन साक्षीदारच लागतात. मला ते योग्य वाटतं. मरणाऱ्या माणसाला पिन आठवायला लावू नये.

ग्रामपंचायतीतही वित्त आयोगाचे पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डोंगलं लागतात. अर्धी सरपंचपदं आता बायांकडे आहेत. बाई सरपंच, बाईची सही डोंगलात, डोंगल नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात, आणि पिन नवऱ्याच्या मोबाइलमध्ये 'गॅस एजन्सी' या नावानं सेव्ह. एका बाईंनी माझ्यासमोर नवऱ्याच्या खिशातून ते डोंगल काढून घेतलं आणि मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलं. नवरा म्हणाला, "पिन तर माझ्यापाशी आहे." बाई म्हणाल्या, "मग टाका बरं, बिनडोंगलाची." जुन्या महजरातली बांगडी मला त्या दिवशी पुन्हा आठवली.

आता सातबारा. आमच्याकडे तलाठी म्हणत नाहीत, पटवारीच म्हणतात. 2024 मध्ये त्यांचं 'ग्राम महसूल अधिकारी' झालं तरी लोक पटवारीच म्हणणार. पूर्वी पटवारी हा एक फिरता ग्रह होता. आज वाढोण्याच्या बाजारात दिसला, उद्या वडकीला, परवा मीटिंगला. त्याची सही म्हणजे दर्शन. मग 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा आला. 15 रुपये भरायचे, घरी बसून काढायचा, आणि खाली छापलेलं असतं की यावर डिजिटल स्वाक्षरी आहे, सही-शिक्क्याची गरज नाही. कापूस विकायचा सीझन आला की माझ्याकडे याच कागदाची रांग लागते. आणि रांगेतला दर तिसरा माणूस तो वाक्याचा पट्टा बोटानं दाखवून विचारतो, "हे ठीक हाये, पण सई कुठं हाये?"

गेल्या हंगामात एक म्हातारी आली. रावेरीकडची. रावेरी राळेगावला लागूनच; तिथं सीतेचं मंदिर आहे, आणि त्यात राम नाही. सीतामाईनं मूठभर गहू मागितला, गावानं दिला नाही, म्हणून तिथं गहू पिकेनासा झाला, अशी त्या गावची गोष्ट. मोडकळीला आलेलं ते मंदिर शरद जोशींनी नीट करवून घेतलं. त्याच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1990 च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा राजीखुशीनं बायकोच्या नावावर करायचा. या म्हातारीचे दोन एकर तेव्हाचे. "तवा मी नाव काढाले शिकली," ती म्हणाली. "म्हणलं, वावर माह्या नावावर अन् अंगठा कायले?"

मला ती सीतामाईच्याच कुळातली वाटली. सीतामाई तरी काय साधी होती? हनुमंत रामाची अंगठी घेऊन आला, अंगठीवर नाव कोरलेलं, म्हणजे पक्का शिक्का. तरी तिला आधी वाटलं, हा रावणच वेष पालटून आलाय. आधी तिनं रामाची सगळी लक्षणं वदवून घेतली, मग अंगठी बघितली. शिक्का नंतर, माणूस आधी.

म्हातारीला पीक कर्जाकरिता सातबारा हवा होता. काढून दिला. तिनं चष्मा लावून कागद वरून खाली पाहिला, आपलं नाव बोटानं दोनदा वाचलं, मग पाठीमागची बाजू पाहिली. "पटवाऱ्यानं सई नाई केली?" मी तिला छापलेलं वाक्य वाचून दाखवलं. कोपऱ्यातला चौकोन दाखवला, पडताळणी कशी होते ते सांगितलं, किल्लीचं सांगितलं, 'ध'चं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "बरं बाप्पा," आणि गेली.

तासाभरानं परत. जिथं गेली होती तिथल्या साहेबानं सांगितलं होतं, सही-शिक्का आणा. मी म्हटलं, "माय, यावर लिहिलंय ना, गरज नाही म्हणून!" ती म्हणाली, "मले काहून सांगतं? त्याले सांग." बरोबर होतं. पण दुकान सोडून मी कुठे जाणार? बाहेर अकरा माणसं उभी. मी पेन घेतलं, त्या छापलेल्या वाक्याकडे एक बाण काढला, बाणाच्या शेपटापाशी लिहिलं, 'कृपया हे वाचावे', आणि सवयीनं खाली माझी सही गेली. म्हातारी तिथंच उभी. "शिक्का?" माझ्याकडे दुकानाचा एक गोल शिक्का आहे, बिलावर मारायचा. मध्ये दुकानाचं नाव, कडेनं 'झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, राळेगाव'. तो मारला. तिनं शाईवर फुंकर घातली, ओलं पुसू नये म्हणून कागद न घडी घालता दोन्ही हातांत धरला आणि निघाली.

ती परत आली नाही. म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पायरीवर तिघं बसलेले. तिघांच्याही हातात डिजिटल सहीचा सातबारा. पुढचा म्हणाला, "भाऊ, काल त्या माईले मारून देला, तो गोल शिक्का आमालेही पायजे."

सहीचे मी पैसे घेत नाही. शिक्क्याचं पॅड मात्र नवीन आणावं लागलं.